ट्रेलरसकट उचलला जाणारा कंटेनर वेळीच थांबवणारं उपकरण: पेटंटच्या परीक्षण अहवालाला उत्तर कसं द्यावं?

उरणकर

नमस्कार मंडळी. तळोजा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. कंट्रोल पॅनेल, क्रेनची देखभाल, स्प्रेडरची (क्रेनला लटकणारी, कंटेनर वरून पकडणारी चौकट) दुरुस्ती अशी कामं करतो, त्यामुळे न्हावा-शेव्याच्या आसपासच्या यार्डांत सतत जाणं-येणं असतं. त्यातून एक उपकरण तयार झालं आणि त्याचा पेटंट अर्ज केला. आता मुंबईच्या पेटंट कार्यालयातून पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, आला आहे. अर्ज कलम ११ए खाली प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे इथे मोकळेपणाने लिहायला अडचण नाही.

आधी प्रश्न सांगतो. बाहेरून येणाऱ्या रोड ट्रेलरवर कंटेनर खालच्या चार कोपऱ्यांना ट्विस्टलॉकने, म्हणजे फिरवून बसणाऱ्या खिट्ट्यांनी, पकडलेला असतो. गाडी आरटीजी, म्हणजे यार्डातल्या रबरी चाकांवरच्या उंच क्रेनखाली लागण्याआधी ड्रायव्हरने किंवा क्लीनरने हे चारही लॉक हाताने उघडायचे असतात. कधी एखादं उघडायचं राहतं, कधी गंजून किंवा वाकून अडकतं. वरून स्प्रेडर येऊन बसतो, त्याचे चार लॉक कंटेनरच्या वरच्या कोपऱ्यांत ९० अंश फिरतात, केबिनमध्ये दिवा लागतो आणि ऑपरेटर हॉइस्ट, म्हणजे दोराने उचलणारी यंत्रणा, वर घेतो. त्याला दिसतंय ते सगळं बरोबरच असतं. खाली मात्र डब्याबरोबर ट्रेलरही उठतो, बरेचदा एका कोपऱ्याने. ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला असेल तर तोही गाडीबरोबर वर जातो. मग अडकलेलं लॉक तुटतं किंवा सुटतं आणि गाडी खाली आदळते.

स्प्रेडरची स्वतःची सुरक्षा उत्तम असते. चारही लँडिंग पिन टेकल्याशिवाय लॉक फिरत नाहीत, चारही लॉक पूर्ण फिरल्याशिवाय हॉइस्ट वर जात नाही, आणि डबा हवेत असताना लॉक उघडत नाहीत. पण हे सगळे इंटरलॉक डब्याच्या वरच्या बाजूचे. खालच्या चार लॉकांचं काय चाललंय, हे स्प्रेडरला कळायचा मार्गच नाही.

आमचं उपकरण असं काम करतं. स्प्रेडरच्या चारही ट्विस्टलॉकमध्ये लोडसेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, आहेत. उचलण्याच्या सुरुवातीला हॉइस्टचा वेग मर्यादित ठेवतो आणि दोर जसजसा वर जातो तसतसा प्रत्येक कोपऱ्यावरचा भार कसा चढतो ते पाहतो. डबा मोकळा असेल तर प्रत्येक कोपऱ्याचा भार चढतो, डबा ट्रेलरपासून सुटला की तिथेच थांबतो, आलेख सपाट होतो. लॉक अडकलेलं असेल तर त्या कोपऱ्याचा भार सपाट होत नाही, चढतच राहतो, कारण आता ट्रेलरचंही वजन ओढलं जातंय. ठरवलेल्या अंतरात कुठलाही एक कोपरा जरी सपाट झाला नाही तरी हॉइस्टची वरची दिशा बंद होते. खाली आणता येतं, वर नेता येत नाही.

एफईआरमधले आक्षेप थोडक्यात:

पहिला, कलम २(१)(जेए), म्हणजे शोध जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा ही अट. डी१ म्हणून स्प्रेडरच्या लॉकमध्ये लोडसेल बसवून वजन आणि वजनाचा झुकाव मोजणारं जुनं पेटंट दाखवलंय. डी२ म्हणजे लेझरने ट्रेलर आणि डब्यामधली फट पाहून हॉइस्ट थांबवणारी यंत्रणा. दोन्ही एकत्र केल्यास आमचं उपकरण सहज सुचण्यासारखं आहे, असं म्हटलंय. दुसरा, कलम ३(एफ), माहीत असलेल्या उपकरणांची नुसती जुळणी. तिसरा, कलम ३(के), म्हणजे अल्गोरिदमला पेटंट नाही, कारण दाव्यात (ज्यावर हक्क मागतो त्या मजकुरात) 'अल्गोरिदम' आहे. चौथा, दाव्यातली 'पूर्वनिश्चित उंची' आणि 'असामान्य भार' स्पष्ट नाहीत.

मी उत्तराचा मसुदा सुरू केलाय. त्यात या अपघातांत माणसं कशी जखमी होतात, आपल्याकडच्या यार्डांत याची किती गरज आहे, हे सविस्तर लिहिलंय. एवढं पुरेल का? जाणकारांनी सांगावं.

आरटीजीकेबिन

मी आरटीजी चालवतो. पाच-सहा मजल्यांच्या उंचीवरून, काचेतून, पायाखाली बघत काम असतं. ट्रेलरची मागची चाकं जमिनीला टेकलीत की चार बोटं वर आहेत हे तिथून समजत नाही, रात्री आणि पावसात तर मुळीच नाही. खालून कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे तुम्ही ज्या गोष्टीला हात घातलाय ती आम्हाला खरोखर हवी आहे.

पण एक सांगतो, जे कागदावर सहसा येत नाही. लेझरवाली यंत्रणा असलेल्या क्रेनवर मी काम केलं आहे. भरलेला डबा उचलायला लागलं की ट्रेलरचे पाटे (स्प्रिंग) मोकळे होतात. पाठीवरचं पोतं उतरलं की हमाल जसा आपोआप सरळ होतो, तसा ट्रेलर स्वतःच वर येतो. लॉक चारही उघडे असले तरी तो डब्याला चिकटून थोडा वर येतोच. लेझरला वाटतं, ट्रेलर उचलला गेला. क्रेन थांबते. पुन्हा खाली, पुन्हा वर. मागे गाड्यांची रांग लागते, सुपरवायझर वॉकीवर विचारतो काय झालं. शिफ्टमध्ये असं वारंवार झालं की कुणीतरी बायपासची किल्ली फिरवतो आणि ती तशीच राहते. खरा अडकलेला लॉक येतो तेव्हा यंत्रणा बंद असते.

तुमचं उपकरण पाटे मोकळे होण्याला फसत नसेल तर सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे. ती लिहा.

दावे_आणि_मसुदे

उरणकर, मी पुण्यात पेटंट एजंट म्हणून काम करते. यांत्रिक विषयांचे अर्ज जास्त पाहते. तुमच्या मसुद्याबद्दल आधी स्पष्ट बोलते: माणसांचे जीव वाचतात हा मुद्दा खरा आहे, पण परीक्षकासमोर तो एकटा टिकत नाही.

याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण सुरक्षेचंच आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. मिर्झापूरची भांडी बनवणारी मंडळी. लेथवर भांडं घासायला लावलं की ते हेडस्टॉकवरून उडायचं, कामगाराला धोका. म्हणून दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकच्या स्पिंडलने भांडं दाबून धरण्याची व्यवस्था केली आणि त्याचं पेटंट मिळवलं. धोका कमी झाला, काम सोपं झालं, यावर फारसा वाद नव्हता. तरी न्यायालयाने पेटंट टिकवलं नाही. टेलस्टॉक, स्पिंडल सगळं आधीपासून माहीत होतं आणि कुशल कारागिराला हे सहज सुचलं असतं, ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा आहे, असं ठरलं. तुमच्या परीक्षकाच्या डोक्यात हीच कसोटी आहे.

पण त्याच निकालात तुमच्या कामाचंही आहे. जुने, माहीत असलेले घटक एकमेकांशी अशा तऱ्हेने जोडले की त्यांच्या परस्परसंबंधातून नवा किंवा सुधारलेला परिणाम निघतो, तर ती जुळणी पेटंटयोग्य असू शकते. कलम ३(एफ)ची भाषाही नीट वाचा. 'प्रत्येक उपकरण एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माहीत असलेल्या पद्धतीने काम करत असेल' अशाच जुळणीला ते कलम लागू होतं. तुमच्याकडे लोडसेलचा आलेख हॉइस्टचा वेग आणि दिशा ठरवतो, आणि मर्यादित वेगामुळेच तो आलेख वाचता येतो. एक काढलं तर दुसरं निरुपयोगी. हे वाक्य उत्तरात असलंच पाहिजे.

आता मुख्य आक्षेप, डी१ अधिक डी२. आरटीजीकेबिन यांनी तुमचं काम जवळजवळ करून दिलंय. डी१ पुन्हा वाचा आणि शोधा: त्यात वजन कधी घेतात? माझा अंदाज, डबा पूर्ण उचलून भार स्थिर झाल्यावर. म्हणजे चढत्या आलेखाचा भाग ते टाकून देतात. तसं असेल तर तुम्ही म्हणू शकता की डी१ वाचणारा माणूस नेमकी तीच माहिती फेकून द्यायला शिकतो जिच्यावर तुमचं उपकरण चालतं. डी२ फट बघतं. पाटे मोकळे होताना फट उशिरा उघडते, म्हणून एकतर खोटे इशारे येतात, नाहीतर मर्यादा सैल ठेवावी लागते. दोन्ही एकत्र केले तर मिळतं काय? लेझर लावलेला आणि वजन दाखवणारा स्प्रेडर. डबा सुटण्याआधीच्या भाराच्या चढावरून अडकलेला कोपरा ओळखणं दोघांतही नाही आणि बेरजेतही नाही.

परीक्षकाने नुसतं 'डी१ आणि डी२ मुळे उघड आहे' एवढंच लिहिलं असेल तर ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणातला दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय नम्रपणे दाखवा. पूर्वज्ञान, म्हणजे आधीपासून माहीत असलेलं, काय सांगतं, अर्जातला शोध काय आहे आणि जाणकाराला तो कोणत्या मार्गाने उघड ठरतो, या तिन्हींची चर्चा केल्याशिवाय त्या कारणावर अर्ज नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

३(के) सोपं आहे. दाव्यातून 'अल्गोरिदम' शब्द काढा, तो तिथे कशालाच लागत नाही. दावा उपकरणाचा करा: चार लोडसेल, दोराच्या प्रवासाचा एन्कोडर, नियंत्रक, हॉइस्टचा ड्राइव्ह. परिणाम प्रत्यक्ष यंत्र थांबण्यात आहे. २०१९ च्या फरीद अल्लानी प्रकरणातही दिल्ली उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणाम पाहायला सांगितलं आहे.

दाव्यात बदल करताना कलम ५९ डोळ्यांसमोर ठेवा. मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, नसलेलं काहीही आत आणता येत नाही आणि दावा रुंदही करता येत नाही. पाट्यांच्या उसळीचा उल्लेख स्पेसिफिकेशनमध्ये आहे का?

उरणकर

ताई, मनापासून आभार. उल्लेख आहे. वर्णनात एक परिच्छेद आहे: ट्रेलरच्या सस्पेन्शनची उसळी आणि अडकलेलं लॉक यांतला फरक आलेखाच्या आकारावरून कसा ओळखायचा, दोन्हींच्या आकृत्यांसह. पण दाव्यात तो आणला नव्हता. दावा रुंद ठेवावा असा आमचा विचार होता.

डी१ आत्ताच पुन्हा वाचलं. तुमचा अंदाज बरोबर आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की उचलण्याच्या सुरुवातीचे वाचन 'अस्थिर' असल्यामुळे वगळावे आणि स्थिर झाल्यावरची सरासरी घ्यावी.

दावे_आणि_मसुदे

मग उत्तराचा कणा तोच. ते वाक्य परिच्छेद क्रमांकासह उद्धृत करा. आणि वर्णनातला तो परिच्छेद आता दाव्यात येऊ द्या. दावा अरुंद होईल, पण मिळेल आणि टिकेल.

तिसरंवर्ष_मेकॅनिकल

धागा वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक शंका. १ जुलै २०१६ पासून सोलास या जहाज सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या निर्यात कंटेनरचं प्रमाणित वजन, व्हीजीएम, द्यावंच लागतं ना? मग क्रेनने मोजलेलं वजन त्याच्याशी ताडून पाहिलं आणि जास्त आलं तर थांबलं, एवढं सोपं का नाही?

उरणकर

चांगला प्रश्न आहे, परीक्षकही सुनावणीत हाच विचारू शकतो. तीन अडचणी. व्हीजीएम जहाजावर चढणाऱ्या भरलेल्या डब्यांसाठी आहे. आयातीचा डबा, रिकामा डबा, यार्डातल्या यार्डात फिरणारा डबा यांचं तसं वजन हाताशी असेलच असं नाही. दुसरं, असलं तरी ते त्या क्षणी क्रेनच्या नियंत्रकापर्यंत पोहोचलेलं असायला हवं.

तिसरी अडचण मोठी. एकच लॉक अडकलेलं असेल तर सुरुवातीला अख्खा ट्रेलर लटकत नाही. एक कोपरा वर ओढला जातो, बाकीची चाकं जमिनीवरच असतात. २० फुटी डब्याचं कमाल एकूण वजन बरीच वर्षं ३०,४८० किलो धरलं जात आलंय. अशा भरलेल्या डब्यात एका कोपऱ्याची सुरुवातीची ओढ एकूण आकड्यात बुडून जाते. एकूण वजन संशयास्पद होईपर्यंत ट्रेलर तिरका झालेला असतो. म्हणून आम्ही एकूण वजन पाहतच नाही, प्रत्येक कोपऱ्याचा चढ पाहतो. माल एका बाजूला जास्त भरलेला असला तरी फसगत होत नाही, कारण जड कोपऱ्याचा भार जास्त आकड्यावर जाऊन का होईना, सपाट होतोच. अडकलेल्या कोपऱ्याचा होत नाही.

दावे_आणि_मसुदे

हा प्रतिसाद जसाच्या तसा उत्तरात घाला. 'व्हीजीएम उपलब्ध असूनही जाणकार व्यक्ती या उपायाकडे वळली नसती' याचं हे सरळ तांत्रिक कारण आहे.

भाऊचा_धक्का

मी मुंबई बंदरात आयुष्य घालवलं, आता निवृत्त. इंदिरा डॉकमध्ये गोणी, पिंपं, लाकडी खोकी सगळं स्लिंगने आणि हुकाने उतरताना पाहिलंय. स्लिंग तुटून लोक गेलेलेही पाहिलेत. कंटेनर आला आणि त्या प्रकारचे अपघात कमी झाले, वेगळ्या प्रकारचे सुरू झाले. १९८६ चा गोदी कामगार सुरक्षेचा कायदा आणि १९९० ची त्याची विनियमं आली, उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक झाली. त्यासाठी आम्ही युनियनमधून भांडलो होतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. अशा गोष्टीवर पेटंट घ्यावंच का? ज्या ट्विस्टलॉकबद्दल तुम्ही सगळे बोलताय तो आणि कोपऱ्यातलं ओतीव घर अमेरिकेतल्या कीथ टँटलिंगर यांनी मॅल्कम मॅक्लीनसाठी विकसित केलं. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं, तिथून हा धंदा सुरू झाला. पण प्रत्येक कंपनीचे कोपरे वेगळे होते. टँटलिंगर यांनी मॅक्लीनला पटवलं आणि पेटंट असलेली ती रचना रॉयल्टीशिवाय खुली झाली. म्हणून आज न्हावा-शेव्याचा स्प्रेडर शांघायमध्ये बनलेला डबा आणि हॅम्बुर्गहून आलेला डबा एकाच लॉकने उचलतो. जीव वाचवणारी वस्तू पैसे देणाऱ्याच्याच क्रेनवर लागणार असेल तर छोट्या यार्डातल्या ड्रायव्हरने काय करायचं? त्या यार्डांत तर जुनी यंत्रं आणि जुने ट्रेलर जास्त.

उरणकर

भाऊ, तुमचा प्रश्न मलाही पडतो आणि त्याला टाळून मला उत्तर द्यायचं नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये मोजकी माणसं आहेत. पेटंट नसेल तर चाचणीनंतर मोठी क्रेन कंपनी हे स्वतःच्या पॅकेजमध्ये घालील आणि फक्त नव्या क्रेनबरोबर विकेल. जुन्या क्रेनला बसवायचं किट ती बनवणार नाही, कारण तिला नवी क्रेन विकायची असते. आम्हाला जुन्या क्रेनसाठीच करायचं आहे. हातात पेटंट असेल तर छोट्या यार्डांना कमी दरात परवाना देणं आमच्या हातात राहील.

भाऊचा_धक्का

हे पटलं. पण ते कागदावर लिहून ठेवा. वर्कशॉप उद्या विकलं गेलं तर नवा मालक तुमच्या मनातलं पाळणार नाही.

दावे_आणि_मसुदे

भाऊ, कायद्यात त्याचीही थोडी सोय आहे. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि लोकांची रास्त गरज भागत नसेल, किंमत परवडणारी नसेल किंवा भारतात त्याचा वापरच होत नसेल, तर कलम ८४ खाली कुणीही हितसंबंधी व्यक्ती सक्तीचा परवाना मागू शकते. २०१२ मध्ये कर्करोगाच्या औषधावर असा पहिला परवाना दिला गेला. क्रेनच्या उपकरणावर कुणी तिथपर्यंत जाणं अवघड आहे, हेही खरं. त्यामुळे परवान्याच्या अटी आताच लेखी ठरवून ठेवण्याचा तुमचा सल्ला जास्त उपयोगाचा.

मासव्लाक्ते

रॉटरडॅमला टर्मिनल ऑटोमेशनमध्ये काम करतो, मूळ रत्नागिरीचा. उरणकर, युरोपात अर्ज करणार आहात का? पहिल्या भारतीय अर्जापासून १२ महिन्यांत पीसीटी, म्हणजे अनेक देशांसाठीचा आंतरराष्ट्रीय अर्ज, केला असेल तर इथे दार उघडं आहे. पण त्याआधी एक प्रश्न: उपकरणाची चाचणी कुठे आणि कधी केली?

उरणकर

पीसीटी वेळेत केलाय. चाचणी एका यार्डात केली, लेखी परवानगी घेऊन, पहिल्या अर्जाच्या आधी पण वर्षभराच्या आतच. खऱ्या गाड्यांवर केल्याशिवाय पाट्यांची उसळी कळलीच नसती. वर्कशॉपमध्ये ट्रेलर आणि आरटीजी उभा करणं शक्य नाही.

दावे_आणि_मसुदे

भारतापुरतं कलम ३२ तुमच्या बाजूने आहे. अग्रक्रम तारखेच्या, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेच्या, आधीच्या एका वर्षात, अर्जदाराने किंवा त्याच्या संमतीने, केवळ वाजवी चाचणीसाठी शोध सार्वजनिकरीत्या वापरला आणि शोधाचं स्वरूपच असं असेल की तशी चाचणी आवश्यक होती, तर त्याने नावीन्य जात नाही. उचल यंत्राचं सुरक्षा उपकरण यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. पण 'केवळ चाचणी' हे महत्त्वाचं. त्या काळात यार्डाकडून पैसे घेतले असतील, तर पुढे विरोधक तिथेच बोट ठेवील.

उरणकर

एक रुपयाही घेतला नाही. यार्डाच्या पत्रात 'चाचणीकरिता' असंच लिहिलेलं आहे.

मासव्लाक्ते

इथे ते कलम नाही. युरोपियन पेटंट कराराच्या कलम ५४ मध्ये अर्जाआधी लोकांना उपलब्ध झालेलं सगळं पूर्वज्ञान धरलं जातं, स्वतः अर्जदाराने केलेलंही. चाचणीची सवलत नाही. म्हणून प्रश्न असा होतो: यार्डात ज्यांनी ते पाहिलं, ते गोपनीयतेने बांधलेले होते का, आणि पाहून त्यांना आतलं तत्त्व कळलं असतं का? यार्ड आयएसपीएस या बंदर सुरक्षेच्या संहितेखाली असेल तर बाहेरचा माणूस पासशिवाय आत येत नाही, ही चांगली बाजू. पण ट्रक ड्रायव्हर आत येतात. त्यांना काय दिसलं?

आरटीजीकेबिन

ड्रायव्हरला क्रेन थांबलेली दिसते. का थांबली ते मला केबिनमध्येसुद्धा कळत नाही, तर त्याला खालून काय कळणार. लोडसेल लॉकच्या आत, पॅनेल गर्डरवर कुलपात.

मासव्लाक्ते

हेच लिहून ठेवा, आणि यार्डाच्या पत्रात गोपनीयतेची ओळ आहे का तपासा. ती असेल तर युरोपात बचाव चांगला आहे. इथे पेटंट मिळाल्यावर ९ महिने कुणीही विरोध दाखल करू शकतं आणि मोठ्या कंपन्या करतातच. भारतात मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष.

दुसरं, इथला परीक्षक एका ठराविक वाटेने जातो. सर्वांत जवळचं पूर्वज्ञान घ्यायचं, फरक काढायचा, त्या फरकाने कोणता तांत्रिक परिणाम होतो ते पाहायचं, त्यावरून प्रश्न मांडायचा आणि मग विचारायचं की जाणकाराने हेच केलं असतं का. नुसतं 'करू शकला असता' पुरत नाही. तुमचा प्रश्न 'अपघात कसे टाळावेत' असा मांडलात तर हरलात, कारण डी२ सुद्धा तेच करतं. 'सस्पेन्शनच्या उसळीमुळे येणारे खोटे इशारे टाळून अडकलेलं लॉक लवकर कसं ओळखावं' असा मांडलात तर डी२ हा प्रश्न बघतसुद्धा नाही. भारतातल्या उत्तरातही हीच मांडणी वापरा, नंतर दोन देशांत दोन गोष्टी बोलल्याचा आरोप होणार नाही. आणि कलम ८ खालचा फॉर्म ३ भरायला विसरू नका, पीसीटीची माहिती भारतीय कार्यालयाला द्यावी लागते.

स्प्रेडरच्या इंटरलॉकबद्दल ईएन १५०५६ हे युरोपीय मानक आहे, तेही वाचा. परीक्षक मानकांनाही पूर्वज्ञान म्हणून पुढे करू शकतो. आधीच सांगून टाका की त्या अपेक्षा स्प्रेडर आणि डब्याच्या जोडाबद्दल आहेत आणि तुमचं उपकरण डबा आणि ट्रेलरच्या जोडाबद्दल.

उरणकर

सगळ्यांचं वाचून पहिल्या दाव्याचा नवा मसुदा केलाय:

'कंटेनर उचलताना तो वाहनाला अडकलेला असल्यास उचल थांबवणारे सुरक्षा उपकरण, ज्यात स्प्रेडरच्या प्रत्येक ट्विस्टलॉकमध्ये बसवलेला लोडसेल, हॉइस्ट दोराचा प्रवास मोजणारा एन्कोडर आणि नियंत्रक असून, तो नियंत्रक उचलीच्या प्रारंभी हॉइस्टचा वेग मर्यादित ठेवतो, कंटेनर वाहनापासून सुटण्यापूर्वीच्या टप्प्यात प्रत्येक कोपऱ्यावरील भाराची दोराच्या प्रवासासापेक्ष वाढ नोंदवतो, वाहनाच्या सस्पेन्शनच्या उसळीनंतर ती वाढ थांबली की नाही हे प्रत्येक कोपऱ्यासाठी स्वतंत्रपणे ठरवतो, आणि कोणत्याही एका कोपऱ्यावर ती थांबली नसल्यास उतरवण्याची दिशा चालू ठेवून फक्त वरची दिशा बंद करतो.'

'पूर्वनिश्चित उंची' आणि 'असामान्य भार' दोन्ही काढले. जीव वाचण्याबद्दलची पानं एका परिच्छेदावर आणली, ती आता शेवटी आहेत. आर्थिक महत्त्वही त्यातच, कारण २(१)(जेए)मध्ये त्याचा उल्लेख आहे.

दावे_आणि_मसुदे

खूप चांगलं. दोन दुरुस्त्या. 'वाढ थांबली' हे शब्द वर्णनातल्या व्याख्येशी जोडा: दोराच्या किती प्रवासात भार किती पट्ट्यात राहिला म्हणजे थांबली, याचं उदाहरण वर्णनात आहे ना? त्या परिच्छेदाचा क्रमांक उत्तरात द्या, म्हणजे अस्पष्टतेचा आक्षेप संपेल. दुसरं, बायपास. आरटीजीकेबिन म्हणाले तो मुद्दा वर्णनात कुठे असेल तर त्यावर एक अवलंबी (पहिल्या दाव्यावर आधारलेला) दावा करा.

एफईआरच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर गेलंच पाहिजे. लागलं तर मुदत संपण्याआधी फॉर्म ४ भरून तीन महिने वाढवून मिळतात. त्यानंतर उत्तर नसेल तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात, मग कितीही चांगला शोध असो. उत्तरानेही समाधान झालं नाही तर सुनावणी लागेल. ती दूरदृश्य पद्धतीने होते, आणि सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस मिळतात. तरीही नकार आला तर कलम ११७ए खाली मुंबई उच्च न्यायालयात अपील. सुनावणीला तुम्ही स्वतः बसा, आणि दोन्ही आलेख मोठ्या आकारात छापून ठेवा: मोकळ्या डब्याचा आणि अडकलेल्याचा. पाट्यांची उसळी तुम्ही ज्या आत्मविश्वासाने सांगाल तशी मला सांगता येणार नाही.

आरटीजीकेबिन

माझा एक शेवटचा प्रश्न. ४० फुटी ट्रेलरवर दोन २० फुटी डबे असतात आणि ट्विन स्प्रेडरने एकदम उचलतात. तिथे आठ लॉक वर, आठ खाली. मधले चार ड्रायव्हरला दिसतच नाहीत आणि अडकतात तेही तेच. तुमचं हे तिथे चालेल का?

उरणकर

तत्त्व तेच चालेल, आठ लोडसेल लागतील. मधल्या चार कोपऱ्यांना सस्पेन्शनची उसळी थोडी वेगळी लागते, कारण ट्रेलरची चौकट मध्ये वाकते. त्याची चाचणी अजून करायची आहे आणि स्पेसिफिकेशनमध्ये ट्विनचा उल्लेख नाही.

दावे_आणि_मसुदे

मग तो या अर्जात आणू नका, कलम ५९ आडवं येईल. चाचणी करा, मधल्या कोपऱ्यांसाठी काय वेगळं करावं लागलं ते लिहून काढा आणि कलम ५४ खाली पेटंट ऑफ ॲडिशनचा, म्हणजे मुख्य शोधातल्या सुधारणेसाठीच्या जोड पेटंटचा, अर्ज करा. मुख्य पेटंटबरोबरच त्याची मुदत संपते, पण वेगळं नूतनीकरण शुल्क लागत नाही, आणि तुमच्याच मुख्य अर्जामुळे ते उघड ठरतं असा आक्षेप तिथे घेता येत नाही. या वेळी चाचणीआधी यार्डाकडून गोपनीयतेचं पत्र घ्या, म्हणजे मासव्लाक्ते यांचा प्रश्न पुन्हा उरणार नाही.

उरणकर

ठरलं. उद्याच यार्डाला पत्र टाकतो. आरटीजीकेबिन, चाचणीला तुमच्यासारखा ऑपरेटर हवाय, व्यनि केलाय.